तिसऱ्या दिवसाचं भाषण

आमच्याकडं माणूस गेला की तिसऱ्या दिवशी सकाळी रक्षाविसर्जन असतं आणि तिथं कुणीतरी उठून दोन शब्द बोलायचे असतात. संकेश्वरच्या आसपासच्या सात-आठ गावांत ते दोन शब्द माझे. शाळेतून निवृत्त झालो, पण भाषणातून कुणी होऊ देत नाही. बायकोला बदडणाऱ्याला मी कुटुंबवत्सल केलंय, शेजाऱ्याचा बांध कोरणाऱ्याला भूमिपुत्र. मेलेल्याबद्दल वाईट बोलू नये, हा नेम आम्ही सगळे कडक पाळतो. जिवंतपणी कसर भरून काढलेली असते.

शेजारच्या भरमूआप्पाच्या वेळचं भाषण मात्र मला अजून गिळता येत नाही.

सात वर्षांपूर्वी मुलाच्या, नागेंद्रच्या लग्नात व्याह्यांनी मानाचा फेटा आधी दुसऱ्याच कुणाला बांधला, म्हणून आप्पानं भरल्या मांडवात जेवणाचं ताट लाथाडलं. नागेंद्र तेव्हापासून बेळगावात. वाट तासाभराची, पण बाप म्हणायचा त्यानं यावं आणि मुलगा म्हणायचा त्यांनी बोलवावं.

यंदा माघात आप्पानं अंथरूण धरलं. डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं, म्हणजे काय ते सगळ्यांना कळलं. मी रोज सकाळी जाऊन बसायचो. एका सोमवारी त्यानं मला नागेंद्रला फोन लावायला सांगितलं. सात वर्षांत पहिल्यांदा. नागेंद्र म्हणाला, रजा मिळत नाही, रविवारी बघतो. मी ते आप्पाला सांगितलं.

"मास्तर," तो म्हणाला, "मी मेलो म्हणून सांगा त्येला. मेल्यावर मिळतीया रजा सगळ्यास्नी."

मी हसलो. तो हसला नाही.

"आल्यावर शिव्या घालंल, घालू दे. तोंड तर दिसंल."

असलं अभद्र खोटं माझ्या तोंडून निघायचं नाही, असं मी त्याला सांगितलं. वर जन्मभर पोरांना खरं बोलायला शिकवल्याचंही ऐकवलं. बोलताना मला माझा अभिमान वाटला, हे कबूल करतो. आप्पानं तोंड भिंतीकडं वळवलं आणि तो विषय पुन्हा काढला नाही.

शुक्रवारी तो गेला. फोन मीच केला. नागेंद्र तासाभरात आला; रजा लगेच मिळाली होती.

रक्षाविसर्जन नेमकं रविवारी आलं. दीडशे माणसं जमली होती. मला उठवलं. नागेंद्र समोर राखेकडं बघत उभा होता. मी म्हणालो, बापलेकांचा एकमेकांवर फार जीव होता आणि आप्पा समाधानानं गेला. कुठं अडखळलो नाही. बायामाणसांनी पदर डोळ्याला लावले.

माणसं पांगल्यावर नागेंद्र माझ्याजवळ आला.

"मास्तर, आप्पांनी माझ्यासाठी काय निरोप ठेवलाता व्हय?"

त्याचे डोळे सुजले होते. मला सगळं सांगता आलं असतं. पण सांगितलं असतं, तर त्यानं पुढं विचारलं असतं, मग तुम्ही काय केलं?

"न्हाय रं," मी म्हणालो. "शेवटी शुद्धच नव्हती."

तेही मी सहज बोललो. आप्पानं मागितलेलं तेवढं एकच खोटं मला जमलं नव्हतं.