तुमचीच आहे

मित्रांनो, मी एक जुना लोखंडी पाय आहे. नुसता डावा पाय. घोट्याच्या वर मी नाही, आणि त्याचीच ही हकिकत आहे.

इराकात, बसरा शहराबाहेर मिझहर गाड्यांचे सायलेन्सर दुरुस्त करायचा. मूर्ती घडवायला त्याला कुणी शिकवलं नव्हतं. पण आईचा एकही फोटो घरात नव्हता. दलदलीतलं गाव सुकलं, माणसं पांगली आणि तीही वारली. म्हणून त्याने ट्रकचे पाटे, तेलाची पिंपं, फुटके सायलेन्सर जोडून तिला उभी केली. डोक्यावर लव्हाळ्यांचा भारा, उजवा पाय चालायला उचललेला, उंची घराच्या छपराहून जास्त. सगळा भार माझ्यावर, म्हणून मला सिमेंटात पक्का रोवला.

त्याची थोरली बहीण वब्रिया रोज येऊन खोड काढायची. "नाक एवढं लांब? आई आहे रे ती, बगळा नाही!" तो मुकाट्याने नाक कापायचा, पुन्हा जोडायचा. एके दिवशी मात्र ती माझ्यावर डोकं टेकून रडली. मला केवढा अभिमान वाटला!

मग एक बडा कंत्राटदार गाडीतून उतरला. "वाहवा! काय बाई उभी केलीस!"

"तुमचीच आहे, हाजी," मिझहर म्हणाला.

आमच्याकडे असंच म्हणतात. कुणी मनगटावरच्या घड्याळाचं कौतुक केलं तरी म्हणतात. त्यावर समोरच्याने म्हणायचं, तुझ्याकडेच शोभतं. हाजीला हे ठाऊक नव्हतं थोडंच? इथलाच माणूस तो. पण तो हसून म्हणाला, "मग उद्या क्रेन पाठवतो."

गाडी गेल्यावर मिझहरने बहिणीला सांगितलं.

"मेल्या, आई देऊन टाकलीस!" वब्रिया कडाडली. "जा, हातापाया पड त्याच्या!"

"शब्द गेला गं तोंडातून," एवढंच तो म्हणाला.

मी सिमेंटातून हलेना, तेव्हा त्यांनी घोट्यावर गॅस कटर चालवला. वाटेत मूर्ती पुलाखालून जाईना. "कापा," हाजी म्हणाला. तुकडे त्याच्या अंगणात पडून राहिले, मग भंगारात गेले आणि वितळले.

मिझहरने पुन्हा करायला घेतली, पण चेहरा जमेना. "डोळे मिटले की भट्टीच दिसते गं," तो बहिणीला म्हणाला. त्यानंतर त्याने वेल्डिंगला हात लावला नाही.

वब्रिया अजून दर गुरुवारी येते, कबरीवर जावं तशी. माझ्या बोटांना मेंदी लावते. मी गंजत चाललोय, आणि मेंदी कुठली नि गंज कुठला हे आता तिलाही कळत नाही.

मित्रांनो, कुणी तुम्हाला "तुमचंच आहे" म्हणालं, तर लगेच म्हणा, "तुमच्याकडेच राहू दे." उशीर करू नका. तो माणूस तेवढं ऐकायलाच थांबलेला असतो.