आपल्या माणसाची व्हॅन

"पप्पा, पुरात बुडालेली गाडी विकताना घेणाऱ्याला ते सांगायचं असतं की नाही?"

धनश्रीनं हा प्रश्न ऐन जेवणात टाकला. खरं तर तो तिचा नव्हताच. मधल्या सुट्टीत ती फुशारकी मारत होती, की आमची जुनी व्हॅन चलथाणचे निंबामामा घेणार आणि आमच्याकडे नवीकोरी येणार! तेवढ्यात वर्गातल्या चंचलनं विचारलं, "ती पुरातली? मामांना माहीत आहे?" मग काय, सगळ्या मैत्रिणी टाळ्या पिटायला लागल्या, "हिंमत असेल तर पप्पांना विचारून दाखव!" आणि नववीत गेल्यापासून धनश्री हिमतीत कुणाला हार जात नव्हती.

कुंदनरावांचा घास हातातच राहिला. "तुले कोनी शिकाडं हाई?" राग आला की ते अहिराणीवर येत.

"कुणी नाही. सांगायचं की नाही, तेवढं बोला ना."

"कुणी विचारलं तर सांगायचं. निंबानं विचारलंय का? मग? भाकर खा."

निंबामामांनी विचारलं नव्हतं, हे खरंच. विचारणारही नव्हते. पर्वत पाटिया भागात राहणाऱ्या आपल्या खान्देशी लोकांत एक रीतच होती. आपल्या माणसाची गाडी उघडून बघायची नाही. बाहेरून एक फेरी मारायची, "झकास ठेवलीय" म्हणायचं आणि नारळ फोडायचा. सीट उचलून इंजिन बघणं म्हणजे समोरच्याला तोंडावर खोटारडा म्हणणं! वाचकहो, गाव सोडून परमुलखात आलेल्या माणसांना एकमेकांचाच आधार होता, त्यातून ही रीत पडली. रीत वाईट नव्हती. तिचा फायदा कोण कसा उठवतो, तिथं खरी गोम होती.

कुंदनराव पलसाण्याच्या मिलमधून रंगवलेलं कापड आणायचे, ते याच व्हॅननं. गेल्या वर्षी तापीला पूर आला तेव्हा ती रांदेरला मित्राच्या दारात उभी होती. पाणी थेट सीटपर्यंत चढलं. धुऊनपुसून गाडी चालू झाली, पण ब्रेकचं काहीतरी बिनसलंच. अधूनमधून पेडल सरळ तळाला जायचं. दुसऱ्यांदा दाबलं की लागायचं. कुंदनरावांच्या पायाला ती सवयच झाली होती, आणि शेजारी बसणाऱ्या धनश्रीलाही ते पाठ होतं.

आधी ते शोरूमला गेले होते. जुनी द्या, नवी न्या! तिथल्या माणसानं सीट उचलली, खालचं मॅटिंग उलटलं, सुकलेला गाळ बोटावर घेतला आणि असा भाव सांगितला की कुंदनराव लालबुंद होऊन, अख्ख्या सोसायटीला ऐकू जाईल अशा शिव्या त्याला घालत घरी आले. ब्रेकचं मात्र त्याला कळलं नव्हतं. मग त्यांनी निंबामामांना निरोप धाडला. मामांनी न बघताच दुपटीचा भाव कबूल केला.

"आई, मामा त्या गाडीचं करणार काय?" धनश्रीनं हळूच विचारलं.

"शाळेच्या पोरांची वर्दी लावणार आहे. म्हणजे चलथाणची पोरं रोज इकडं शाळेत आणायची, सोडायची."

चलथाणहून! म्हणजे हायवेवरून! पुढे ट्रक, मागे ट्रक, गाडीत दप्तरं घेतलेली पोरं, आणि मामांना कुठं ठाऊक की ब्रेक दोनदा दाबायचा असतो? धनश्रीनं ताट बाजूला सारलं. मैत्रिणींचा प्रश्न आता तिचा स्वतःचा झाला होता.

रविवारी निंबामामा नारळ घेऊन आले. वरच्या मजल्यावरच्या सरलाबाईही खाली आल्या. मराठी शाळेतून निवृत्त झालेल्या या बाईंनी अर्ध्या सोसायटीला बाराखडी शिकवली होती, त्यामुळे शुभकार्याला त्या लागायच्याच. मामांनी गाडीला फेरी मारली. "झकास ठेवलीय हो दाजी!"

"मामा, सीट उचलून बघा ना," धनश्री म्हणाली.

मग मामा खो खो हसले. "अवं पोरी, आपला मानूसनी गाडी काय उघाडीसन देखनी? तुन्हा बाप काय चोर शे?"

"धने, घरात हो!" कुंदनराव कडाडले.

धनश्री जागची हलली नाही. "नाही जाणार! पप्पा, तुम्ही सांगा, नाहीतर मी सांगते!"

"थांब गं," सरलाबाई पुढे झाल्या. "कुंदन, शोरूमवाल्यानं गाडी उघडून बघितली, तेव्हा तुला राग आला ना?"

"येणारच. त्याचा विश्वास नव्हता, बाई."

"आणि निंबाचा आहे. म्हणजे जो ठोकून बघतो त्याला खरा माल, आणि जो डोळे मिटून घेतो त्याला खोटा? तुझ्यावर सगळ्यांत जास्त भरवसा टाकतो, त्यालाच तू सगळ्यांत जास्त फसवणार? अरे, तो बघत नाही म्हणून सांगायचं ओझं तुझ्यावर येतं!"

कुंदनरावांनी एकदा मुलीकडे बघितलं, एकदा मामांच्या हातातल्या नारळाकडे. त्यांचा चेहरा कसा उतरला! "निंबा," ते कसेबसे म्हणाले, "पुरात बुडाली होती. ब्रेक कधीकधी लागत नाही."

मामा पायरीवर बसले. "दाजी, मन्ही दोन्ही पोरं त्यातच बसनार होती," एवढंच म्हणाले. मग उठले, नारळ पिशवीत ठेवला आणि धनश्रीच्या डोक्यावर हात ठेवून निघून गेले. चहासुद्धा घेतला नाही.

संध्याकाळी कुंदनराव म्हणाले, "चुकलो मी. उद्या जाऊन निंबाची माफी मागतो. आणि गाडी शोरूमलाच देऊन टाकू. पैसे कमी तर कमी, नवी गाडी पुढं बघू. गाळ त्यांनी बघितलाच आहे. ब्रेकचं त्यांचं ते बघतील, शोरूम काही आपलं नात्यातलं नाही."

आई मान डोलावणार, तेवढ्यात धनश्री दोघांच्या मधोमध येऊन उभी राहिली.

"पप्पा, शोरूमवाले ती गाडी लोणच्यासारखी मुरवत ठेवणार आहेत का? तेही कुणाला तरी विकणारच. त्याच्याही घरी पोरं असतील. आपला माणूस म्हणजे फक्त खान्देशचा? जो कुणी त्या गाडीत बसेल तो आपला! वस्तूची खोट घेणाऱ्यानं शोधायची नसते, देणाऱ्यानं सांगायची असते. म्हणून मी ठरवलंय. तुम्ही शोरूमला जाल त्या दिवशी मी शाळा बुडवून बरोबर येणार. आणि भाव ठरायच्या आधी, त्यांनी विचारलं नाही तरी, ब्रेकचं मी सांगणार!"