पहिल्या खुर्चीचा आवाज

विजयश्रीनं लॅपटॉपवर एक ओळ टाइप केली आणि एंटर दाबलं. टेबलाच्या टोकाशी, पहिल्या खुर्चीसमोरच्या स्पीकरचा आवाज थोडा वाढला. बाकीचे होते तसेच राहिले. बैठकीच्या खोलीतले सगळे माइक आणि स्पीकर ती अशा छोट्या लेखी आज्ञांनीच चालवायची.

पहिली खुर्ची आबांची. पत्र्याचे सुटे भाग बनवणारा चाकणचा हा प्रेस शॉप बबनरावांनी उभा केला होता, आणि कारखान्यात सगळे त्यांना आबाच म्हणत. वर्षापूर्वी बंगळूरच्या गिऱ्हाइकाचा प्रश्न नीट ऐकू न आल्यानं त्यांनी भलतं उत्तर दिलं होतं. कोणी हसलं नाही. त्यांच्या मुलानं, जयदीपनं, फक्त मान खाली घातली होती. पुढच्या सोमवारपासून विजयश्री ही ओळ टाइप करू लागली. कोणाला न सांगता.

जयदीप तिच्या टेबलाशी वाकला.

"पलीकडे आवाज घुमतोय म्हणे. सगळे स्पीकर एका लेव्हलला आण. आजची ऑर्डर हातची जायला नको."

"आबांचापण?"

"त्यांचा काय वेगळा आहे?"

"नाही," ती म्हणाली, आणि तो खाली आणला. घुमणं थांबलं.

"बबनरावजी, दिवाली से पहले माल मिल जाएगा?" बंगळूरहून प्रश्न आला.

आबा स्पीकरकडे बघत राहिले. जयदीप पेनाचं टोपण काढून पुन्हा लावू लागला. विजयश्रीनं ओळ टाइप केली; बोट एंटरवर गेलं. तेवढ्यात आबा माइककडे झुकले.

"साब, मेरे को कम सुनाई देता है. जरा जोर से पूछो ना."

पलीकडे कोणीतरी घसा खाकरला. प्रश्न पुन्हा आला, मोठ्यानं.

"दिवाली का वादा नहीं करता. दसरे को पक्का बताता हूं."

"चलेगा, आबा," पलीकडचा माणूस म्हणाला.

बैठक संपली. खोली रिकामी झाली तरी आबा बसूनच होते.

"पोरी, मागल्या सोमवारपत्तुर झ्याक ऐकू यायचं. आज काय झालं?"

तिनं सगळं सांगितलं. आबा टेबलावरून तळवा फिरवत ऐकत होते. ती नकळत मोठ्यानं बोलत होती.

"म्हंजे वरीसभर कान गेल्यालाच व्हता."

"हो, आबा."

"मला वाटायचं, कंपनीत समदं ऐकू येतंय, म्हंजे कान ठणठणीत हाय. घरात तुज्या काकूचं बोलणं तेवढं कळायचं न्हाई. मग तिच्यावरच डाफरायचो, तोंडातल्या तोंडात पुटपुटू नगंस म्हणून. आता ती बोलतच न्हाई फारसं."

विजयश्रीनं लॅपटॉप मिटला. पुन्हा उघडला.

आबांनी खिशातून फोन काढला, घरचा नंबर लावला.

"मी हाय. न्हाई, काम काय न्हाई. तू बोल."

पलीकडून आलेले दोन शब्द विजयश्रीला टेबलाच्या दुसऱ्या टोकालाही स्पष्ट ऐकू आले.

"काय बोलू?"

आबांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. थोड्या वेळानं विजयश्रीकडे पाहून त्यांनी हलकेच विचारलं,

"काय म्हणली ती?"