सात खणांची डबी

मी सुतार आहे. लिहिण्याची सवय नाही. पण त्या रविवारी माझ्या पायाने जे केलं ते कुठेतरी मांडून ठेवायला हवं, असं वाटतं.

आमच्याकडे एक कुत्रा आहे, भुसा. पिल्लू असताना माझ्या कारखान्यामागच्या भुशाच्या ढिगात सापडला, रंगही तसाच, म्हणून बायकोने हे नाव ठेवलं. मी म्हटलं होतं, "ठेवायचं तर नीट नाव ठेव." ती म्हणाली, "तुमच्या खिशातून घरभर पडतो तो भुसा मी रोज झाडते. हा एक नाही झाडणार."

बायकोला हृदयाचा त्रास होता. रोज सकाळी नऊला दोन गोळ्या. ती विसरायची, म्हणून मी उरलेल्या सागाची एक डबी केली. सात वारांचे सात खण, प्रत्येकाला सरकतं झाकण. दर रविवारी मी ती भरायचो. ती खिडकीपाशी खुर्चीत बसून गोळ्या घ्यायची, वर अर्धं बिस्किट खायची आणि उरलेलं अर्धं भुशाला द्यायची. डबी खुळखुळली की भुसा जिथे असेल तिथून धावत यायचा.

चार महिन्यांपूर्वी ती गेली. मुलीने तिची औषधं गोळा करून दवाखान्यात परत दिली. सगळी दिली, असं तिला वाटलं. दोन बाटल्या मी आधीच काढून हत्यारांच्या पेटीत ठेवल्या होत्या.

त्यानंतरही मी दर रविवारी डबी भरत होतो. मागच्या रविवारच्या गोळ्या तशाच असायच्या. त्या बाटलीत ओतायच्या आणि पुन्हा मोजून सात खणांत घालायच्या. का, ते मला विचारू नका. हातांना ते काम माहीत होतं. मुलगी त्या वेळी आंघोळीला जायची, रविवारी केस धुवायचे म्हणून चांगला तासभर. तिला काही कळायचं नाही.

त्या रविवारी डबी भरून झाली आणि बाहेरून मास्तरांनी हाक मारली. मास्तर म्हणजे शेजारचे शिंपी. त्यांच्या कापड बेतायच्या फळीचा कोपरा सुटला होता. मी डबी खुर्चीशेजारच्या ठेंगण्या स्टुलावर ठेवली आणि गेलो. अर्ध्या तासात परत आलो.

भुसा खुर्चीसमोर उभा होता, पण पाय फाकवून, प्यायलेल्या माणसासारखा. तोंडातून लाळेची तार जमिनीपर्यंत लोंबत होती. शेजारी पांढऱ्या फेसाची उलटी. मी हाक मारली तर त्याने माझ्याकडे पाहिलं, एक पाऊल टाकलं आणि मागचा भाग खाली बसला.

डबी स्टुलाखाली पडली होती. झाकणं चावलेली.

आंघोळीच्या खोलीची कडी वाजली. मुलगी येत होती. आणि मी, साठ वर्षांचा माणूस, पायाने ती डबी कपाटाखाली ढकलली. विचार केला नाही. पाय गेला.

"बाबा! काय झालं याला?"

"काहीतरी खाल्लंय."

"काय? तुमचं पॉलिश? सरस?"

"कारखान्याला कुलूप आहे. मास्तरांनी उंदरांना विष टाकलं असेल. गेल्या आठवड्यात उंदीर उंदीर करत होते ना?"

ते शब्द माझ्या तोंडून इतके सहज आले की मीच दचकलो.

मुलीने भुशाचा ओठ उचलून पाहिला. हिरड्या पांढऱ्याफटक. मी मिठाचं पाणी पाजायला पेला उचलला. लहानपणी आमच्या घरी तसंच करत. तिने माझा हात धरला आणि प्राण्यांच्या दवाखान्यात फोन लावला. तिकडून डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या ते मलाही ऐकू आलं. मीठ नको, दूध नको, तोंडात काहीही घालू नका. जे खाल्लं असेल त्याचं वेष्टन, बाटली, उरलंसुरलं, मिळेल ते घेऊन लगेच या.

"बाबा, काही दिसतंय का इथे?"

"नाही," मी म्हटलं.

गाडी मास्तरांकडे होती. मुलीने त्यांनाच बोलावलं आणि पहिला प्रश्न विचारला, "काका, विष कुठलं टाकलंत? डबा द्या."

मास्तर माझ्याकडे बघत राहिले. "विष? अगं, मी पिंजरा लावलाय. तोही तुमच्या या लाडोबापायी. माझ्या चार कुंड्या उकरल्या याने, तरी याच्या पोटात जाईल म्हणून विष आणलं नाही मी. काय हो मिस्त्री, मी असं करेन?"

मी भुशाला चादरीत गुंडाळत होतो. मान वर केली नाही.

गाडीत त्याचं डोकं माझ्या मांडीवर होतं. डोळे अर्धे उघडे. मी छातीवर हात ठेवला. ठोका लागायचा आणि मग इतका वेळ काहीच नाही की वाटायचं, संपलं. मग पुन्हा एक. असाच हात मी चार महिन्यांपूर्वी ठेवला होता.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी त्याला टेबलावर घेतलं, तारा लावल्या, पायावरचे केस भादरून सलाईन सुरू केलं.

"उंदराचं विष म्हणालात ना फोनवर?"

"हो," मुलगी म्हणाली. "पण काका म्हणतात, नाही टाकलं."

"ते बरोबर बोलताहेत. नेहमीच्या त्या विषाने एवढ्या लवकर असं होत नाही. याचे ठोके चाळीसवर आलेत. रक्तदाब पार खाली गेलाय. घरात कोणी हृदयाच्या, रक्तदाबाच्या गोळ्या घेतं का?"

"नाही. आम्ही दोघंच असतो. कोणी घेत नाही."

"नक्की? चुकीचा उपचार झाला तर हा हाती लागणार नाही. मला नेमकं कळायला हवं."

यंत्र टिक म्हणालं. मग बराच वेळ गप्प. मग टिक.

"घेतं," मी म्हटलं.

मुलगी माझ्याकडे वळली.

मी दोन्ही औषधांची नावं सांगितली, ताकदीसकट. ती मला माझ्या नावासारखी पाठ आहेत. "एका खणात दोन. असे सात खण. डबी आमच्या कपाटाखाली आहे."

डॉक्टरीणबाई लिहीत होत्या. "कधी खाल्ल्या?"

"नऊ ते साडेनऊच्या मध्ये."

"किती खण फुटलेत?"

"बघितलं नाही."

मास्तर दारात उभे होते. त्यांनी मुलीकडून घराची किल्ली घेतली आणि गेले. बाई हातातलं इंजेक्शन भरता भरता म्हणाल्या, "आता उलटी करवता येणार नाही, तो पुरता शुद्धीत नाही. नळीने कोळशाची पूड पोटात सोडते. आणि हो, ज्यांच्या गोळ्या आहेत त्यांना फोन करा. त्यांचा आजचा डोस चुकायला नको."

त्या साधंच बोलल्या होत्या. मी टेबलाची कड धरली.

"ती गेली," मी म्हटलं. "चार महिने झाले."

हे वाक्य मी तोवर एकदाही उच्चारलं नव्हतं. आलेल्या-गेलेल्याला सगळं मुलगीच सांगायची.

बाईंचा हात क्षणभर थांबला. मग त्यांनी सुई टोचली.

दहा मिनिटांत मास्तरांचा फोन आला. मुलीने तो सगळ्यांना ऐकू येईल असा लावला. "चार खण फुटलेत. तीन शाबूत आहेत. खाली दोन गोळ्या ओल्या सापडल्या, म्हणजे पोटात सहा गेल्या. पण मिस्त्री, ही डबी पार भिंतीला टेकली होती हो. एवढ्या आत गेली कशी?"

"मी ढकलली," मी म्हटलं. "मास्तर, माफ करा."

"ते नंतर बघू," ते म्हणाले आणि फोन ठेवला.

आम्हाला बाहेर बसवलं. लोखंडी बाक होता. मुलगी माझ्यापासून एक जागा सोडून बसली.

"दर रविवारी?"

"दर रविवारी."

"मी आंघोळीला गेले की?"

"हो."

"बाबा, तुम्ही डबी भरत होतात त्याचं मला काही नाही. पण तुम्ही ती लपवलीत. माझ्या डोळ्यांदेखत तो मरत होता आणि तुम्ही लपवलीत."

 

दुपारी ठोके साठवर आले, संध्याकाळी ऐंशीवर. बाई म्हणाल्या, आज इथेच राहू दे, पण धोका टळलाय बहुतेक. नेमकं कळलं म्हणून बरं झालं, थोडं आधी कळलं असतं तर आणखी बरं झालं असतं. त्या रागावून म्हणाल्या असत्या तर सोसलं असतं.

घरी टेबलावर डबी ठेवलेली होती. ओल्या गोळ्या मास्तरांनी अस्तराच्या तुकड्यात बांधून शेजारी ठेवल्या होत्या. मी पेटीतून दोन्ही बाटल्या काढून मुलीच्या हातात दिल्या. ती तशीच चपला घालून त्या परत द्यायला औषधांच्या दुकानात गेली.

भुसा सोमवारी घरी आला. आठवडाभर मऊ भात, बिस्किट बंद.

पुढच्या रविवारी नऊ वाजता माझे हात मोकळे होते. काय करावं कळेना, म्हणून मी तिच्या खुर्चीत जाऊन बसलो. घरात काही वाजत नव्हतं. तरी भुसा आतल्या खोलीतून उठून आला, हळूहळू, एका पायाचे केस भादरलेले, आणि माझ्यासमोर येऊन बसला. मान वर, कान उभे.

मला वाटायचं, तो आवाजाने येतो.

मुलगी दारात होती. त्या दिवशी ती आंघोळीला गेली नव्हती.

"बाबा, त्याला बिस्किट द्यायचं नाही."

"माहीत आहे."

ती आली आणि खाली फरशीवर बसली, भुशाच्या शेजारी. नऊचे सव्वानऊ झाले तरी आमच्यापैकी कोणी उठलं नाही.