ओळखीचा प्रोग्रॅम

सुरतजवळच्या पलसाण्यात, कापड रंगवायच्या एका डाइंग कारखान्यात रंजना पाटील कॉम्प्युटरवर बसायची. लॅबच्या कोपऱ्यात काचेची खोली, आत थंडगार, आणि ती एकटी. रंगाईचे मास्तर खिडकीतून रंगछटेचा, म्हणजे शेडचा, नंबर सांगायचे. रंजना तो नंबर आणि कापडाचं वजन टाकायची, मग कोणता रंग किती घ्यायचा याची चिठ्ठी, म्हणजे रेसिपी, प्रिंटरमधून निघायची.

हा हिशेब करणारा प्रोग्रॅम वाल्मिकने लिहिला होता. शिरपूरकडचा मुलगा. दोन-तीन वर्षं तो याच खोलीत तिच्या शेजारी बसायचा. कॉम्प्युटर चालू कसा करायचा इथपासून त्यानेच तिला शिकवलं. डबाही दोघं तिथेच खायचे. मग त्याचं लग्न झालं, नाशिकला नोकरी लागली आणि तो गेला. तिची आई भावाबरोबर गावी परतल्यापासून रंजना डिंडोलीत कलाबाईंच्या घरामागची खोली घेऊन राहत होती. रेसिपीपलीकडे तिच्याशी बोलायचं कारण कारखान्यात कुणाला पडत नसे.

अठ्ठ्याण्णव सालच्या उन्हाळ्यात शेजारच्या कारखान्याचा कॉम्प्युटर व्हायरसने पुसून काढला. शेठ घाबरले. त्यांनी माणूस बोलावून अँटिव्हायरस टाकून घेतला. दुसऱ्या दिवसापासून नवाच ताप सुरू झाला. रंजनाने रेसिपी काढली की पडद्यावर चौकट यायची: हा प्रोग्रॅम अनोळखी आहे, फाइल बदलू पाहतो आहे, बदलू द्यायची का? 'हो' दाबलं की काम पुढे सरकायचं. पुढच्या रेसिपीला पुन्हा तेच.

"रंजनाबेन, रेसिपी आपो ने, मशीन ऊभुं छे," मशीन रिकामं थांबलं की मास्तर काचेवर टकटक करायचे.

ती घाईत न वाचताच 'हो' दाबू लागली. मग एकदा तिच्याच लक्षात आलं, की आपण काय दाबतोय ते आपल्यालाही माहीत नसतं. अँटिव्हायरसवाल्याला विचारलं तर तो म्हणाला, "त्रास होत असेल तर बंद करून टाका." ते तिला पटेना.

वाल्मिकला विचारता येईल, हे तिला आधीच सुचलं होतं. तरी तिने आठवडाभर काढला. शेवटी एका संध्याकाळी डिंडोलीच्या एसटीडी बूथमध्ये शिरून तिने नंबर फिरवला. काय काय बोलायचं ते तिने बसमध्ये ठरवून ठेवलं होतं. फोन त्याच्या बायकोने उचलला आणि त्याला हाक मारली. मागे तान्हं मूल रडत होतं.

"बोला रंजनाताई," वाल्मिक म्हणाला.

इथे असताना तो तिला नुसतं रंजना म्हणायचा. तिने ठरवलेलं सगळं तिथेच राहिलं. तिने चौकटीबद्दल तेवढं सांगितलं.

"बंद करू नका तो," वाल्मिक म्हणाला. "सेटिंगमध्ये भरवशाच्या प्रोग्रॅमची यादी असते. त्यात माझा प्रोग्रॅम घाला. पण तेवढाच. बाकी कोणी आलं तर विचारू दे त्याला."

"बरं."

"आणि काही?"

"नाही. बाळ रडतंय तुमचं."

"हो, बघतो," म्हणून त्याने फोन ठेवला.

सकाळी तिने यादी शोधली. ती रिकामी होती. वाल्मिकच्या प्रोग्रॅमचं नाव तिने सावकाश टाइप केलं, अक्षरं पुन्हा तपासली. त्या दिवशी एकदाही चौकट आली नाही. मास्तरांच्या ते ध्यानातही आलं नाही.

पंधरवड्याने अकाउंट्समधली मंदा फ्लॉपी घेऊन आली. भावाच्या लग्नाची पत्रिका त्याने घरच्या कॉम्प्युटरवर केली होती, ती तिला इथे छापायची होती. रंजनाने फ्लॉपी घातली, पत्रिका उघडली आणि चौकट समोर आली.

"ते तर तुझ्याकडे रोजच येतं ना? हो म्हण," मंदा म्हणाली.

"रोजचं बंद केलंय मी. हे दुसरं आहे."

रंजनाने पूर्ण वाचलं आणि 'नाही' दाबलं. अँटिव्हायरसला फ्लॉपी तपासायला लावली, तर तिच्यात व्हायरस निघाला.

"माझ्या भावाची फ्लॉपी आहे ती," मंदा दुखावून म्हणाली. "रस्त्यात सापडलेली नाही." ती फ्लॉपी घेऊन निघून गेली.

केवढं संकट टळलं होतं, आणि ते सांगायला खोलीत कोणी नव्हतं. मास्तरांना सांगितलं तर ते म्हणाले, "चालू छे ने? बस."

संध्याकाळी ती पुन्हा बूथमध्ये गेली. वाल्मिक घरी नव्हता.

"काही निरोप आहे का?" त्याच्या बायकोने विचारलं.

"त्यांना म्हणावं, यादीचा उपयोग झाला."

"कसली यादी?"

"त्यांना कळेल."

"बरं. नाव काय सांगू?"

"रंजना. सुरतहून."

"कोण रंजना?"

"कारखान्यातली," ती म्हणाली.

वाल्मिकचा फोन आला नाही. चार दिवसांनी मंदा मात्र आली आणि दारातच उभी राहिली. "भावाचा कॉम्प्युटर सुरूच होत नाही गं. तू म्हणत होतीस ते खरं होतं. रविवारी येऊन बघशील का?"

रंजना उधन्याला मंदाच्या घरी गेली. सगळं पुसलं गेलं होतं, तिला काही करता आलं नाही. तरी मंदाच्या आईने तिला जेवल्याशिवाय सोडलं नाही. लग्नघरातल्या पाहुण्यांच्या गर्दीत कुणीतरी तिला लग्नालाही यायला सांगितलं. ती परतली तेव्हा कलाबाई ओट्यावर तांदूळ निवडत होत्या.

"कोठे गयथी व?" त्यांनी विचारलं.

"एका मैत्रिणीकडे," रंजना म्हणाली. खोलीत जाऊन, दिवा न लावता, ती बराच वेळ खाटेवर बसून राहिली. मैत्रीण हा शब्द आपण किती दिवसांनी बोललो, ते तिला आठवेना.