चंपाबाईचा उजवा स्पीकर

मी एक जुना स्पीकर आहे. जुना म्हणजे निकामी नव्हे, हे मित्रांनो, आधीच सांगून टाकतो. माझा रंग उडाला आहे, बैलगाडीवरून पडल्यामुळे एक कोपरा फुटला आहे. पण आजही तार जोडून पाहा. मी बोलेन, आणि बोललेला शब्द न् शब्द तुम्हाला कळेल. त्यासाठीच तर मला आणलं गेलं होतं.

मला आणणारी चंपाबाई. इंझोरीजवळच्या एका लहानशा गावात बौद्धपुऱ्यात तिचं घर. ती निंदण-खुरपणाला जायची आणि खुरपता खुरपता गाणी जुळवायची. तिचा नवरा इंद्रभान मंगरूळपीरच्या एका कचेरीत शिपाई होता. सुटीच्या दिवशी लोकांचे बिघडलेले रेडिओ उघडून बसायचा त्याला नाद होता.

त्या गावात एकच विहीर उन्हाळाभर टिकायची. तिच्यात बौद्धपुऱ्यातल्या बायांनी स्वतः बादली सोडायची नाही, अशी रीत चालत आली होती. बायांनी घागरी खाली ठेवायच्या आणि कुणी वरून पाणी ओतेल म्हणून उन्हात उभं राहायचं. चंपाबाईनं त्यावर गाणं केलं.

"इहीर खोदली साऱ्या गावानं,
पानी कसं वं एकाचं?
घागर माही थांबते काहून,
ऊन झालं डोक्याचं!"

जयंतीला तिनं ते म्हटलं. जवळच्याच मालेगावहून भाड्यानं भोंगा आणला होता. आवाज पार शिवाराबाहेर गेला. दुसऱ्या दिवशी शेजारची विमलबाई तिला विचारते, "चंपे, तू काल गाजराचं गानं काहून म्हटलं वं?"

"गाजराचं?"

"हाव ना. 'गाजर माहं थांबते काहून.' आमी लय हासलो बाप्पा!"

चंपाबाई हसली नाही. घरी येऊन ती इंद्रभानला म्हणाली, "माह्या घागरीचं गाजर केलं त्या भोंग्यानं. आता भोंगा नाई. आपले सोताचे स्पीकर आना."

"अवं, भोंगा कोसभर जाते. स्पीकर तं आंगनापुरता."

"जाऊ द्या त्याले कोसभर. शब्द मेल्यावर कोसभर नेऊन काय करता? भुशाची मळनी?"

झालं, दोघं अकोल्याला गेली. ज्या दुकानात मी मांडणीवर बसलो होतो, तिथेच ती आली. दुकानदारानं आधी थोरले स्पीकर लावले. ढोल असा घुमला की कपाटाच्या काचा वाजल्या. इंद्रभान खूश झाला. चंपाबाई म्हणाली, "भाऊ, बाजा नको. रेडिओवरच्या बातम्या लावा."

दुकानदारानं बातम्या लावल्या. चंपाबाई आमच्याकडे पाठ करून बसली आणि डोळे मिटले. एक जोडी ऐकून म्हणाली, "हा नाकात बोलते." दुसरी ऐकून म्हणाली, "याच्या छातीत कफ झाला." आकारानं मधल्या असलेल्या आम्हा दोघा भावांची पाळी आली, तशी तिनं डोळे उघडून मागे वळून पाहिलं. "हे बातम्या सांगनारी बाई तं इथंच येऊन बसली!" तरी तिचं समाधान होईना. तिनं इंद्रभानला दुकानातल्या माइकपुढे उभं केलं आणि म्हणायला लावलं: घागर, गाजर, घागर, गाजर. तो लाजून लाल झाला, पण आम्ही घागरीला घागर आणि गाजराला गाजरच म्हटलं.

दुकानदार म्हणाला, "बाई, एवढ्याशा आवाजानं गाव कसं जागं होईल?"

"गाव जागंच हाये, भाऊ. आयकू येत नाई असं दाखवते."

निघताना दुकानदारानं इंद्रभानला एक गोष्ट मात्र बजावली. "अॅम्प्लिफायर ताकदीचा घ्या आणि बटन कमीच ठेवा. लहान मशीन पूर्ण पिळून चालवलं की स्पीकर जळतो." इंद्रभाननं मान डोलावली आणि घरी जाऊन स्वतःच्या हातानं लहानसंच मशीन जुळवलं. घरात होतं त्या सामानात तेवढंच होत होतं.

उकंडराव सुतारानं आम्हाला जाड लाकडाची घरं करून दिली. जिथे जिथे फळी थरथरली तिथे आतून पट्टी ठोकली. आत पिंजलेला कापूस भरला, म्हणजे आवाज खोक्यात घुमून परत तोंडावर येऊ नये. मग चंपाबाईनं नावं ठेवली. तो डावा आणि मी उजवा. डाव्याकडून ढोलकी जास्त, माझ्याकडून पेटी जास्त, आणि तिचा स्वतःचा आवाज दोघांकडून सारखा.

आमचा पहिला कार्यक्रम दसऱ्याला, धम्मचक्र प्रवर्तन दिनी, दुपारी विहारापुढे झाला. आणि मित्रांनो, आमची पार फजिती झाली! ढोलकी ऐकू येई, पेटी ऐकू येई, पण चंपाबाईचा आवाज मधेच हरवायचा, पोकळ व्हायचा. लोक कुजबुजायला लागले. इंद्रभान घाबरून बटणं फिरवू लागला.

चंपाबाईनं गाणं थांबवलं. ती उतरून आम्हा दोघांच्या मधोमध उभी राहिली, आणि विमलबाईला माइकपुढे आकडे मोजायला सांगितले. मग म्हणाली, "अवो, हे दोघं भांडून राह्यले. एक मले पुढं ढकलते, दुसरा मांगं वढते."

इंद्रभानच्या डोक्यात लगेच प्रकाश पडला. त्यानं बॅटरीतला एक सेल काढून आमच्या तारांना लावून पाहिला. माझा कागदी पडदा बाहेर आला, डाव्याचा आत गेला. एकाच्या तारा उलट जोडल्या गेल्या होत्या. त्या त्यानं फिरवल्या. चंपाबाईनं पुन्हा तोंड उघडलं, आणि तिचा आवाज आम्हा दोघांच्या बरोबर मध्ये, जणू तिथे कुणी उभं असावं तसा, येऊन थांबला. त्या दिवशी पुऱ्यातल्या म्हाताऱ्या बायांच्या डोळ्यांतून पाणी आलं. नुसत्या मोठ्या आवाजानं रडू येत नाही, मित्रांनो. शब्द कळावा लागतो.

पण शब्द कळला, तो बबनरावांनाही कळला. विहिरीलगतचं सगळं वावर त्यांचं. इतकी वर्षं भोंग्यातून काय म्हणतात हे त्यांनी कधी ऐकलंच नव्हतं, आता ऐकलं. पुढच्या जयंतीला सकाळीच त्यांच्या माणसांनी पुऱ्यासमोरच्या कडुनिंबावर चार भोंगे बांधले आणि सिनेमाची गाणी सोडली.

"वाढव रे आवाज!" आमची पोरंही ओरडली. "दाबून टाका त्यायले!" इंद्रभानलाही चेव चढला. त्यानं बटण शेवटपर्यंत पिळलं. त्या लहान मशीननं जे पाठवलं तो आवाज नव्हता, मित्रांनो, तो ओरखडा होता. माझं अर्धं अंग भाजलं. शेजारी डावा एकदा खरखरला, जळका वास आला, आणि तो गप्प झाला. कडुनिंबाखाली टाळ्या पिटल्या गेल्या.

इंद्रभान डोक्याला हात लावून बसला. चंपाबाईनं स्वतः बटण उलटं फिरवलं, पार खाली आणलं. मला उचलून तिनं माणसांच्या मधोमध एका उलट्या टोपल्यावर ठेवलं. "त्यायच्याशी वरडाची शर्यत नाई लावाची," ती म्हणाली. "या जवळ. अजून जवळ. खांद्याले खांदा लावून बसा." लोक गोल करून बसले. वरून चार भोंगे कोसळत होते आणि मी एकटा, अर्ध्या भाजल्या अंगानं, बोलल्यासारखं गात होतो. त्या गोलात एकाचाही शब्द चुकला नाही. दुपारपर्यंत भोंगे लावणारे कंटाळून जेवायला गेले. आम्ही गातच होतो.

महिनाभरात इंद्रभान डाव्याला घेऊन अकोल्याला जाऊन आला. डाव्यात नवी तार भरून आली. मशीन मात्र त्यानं नवं जुळवलं, आधीपेक्षा कितीतरी ताकदीचं. विहिरीपाशी गावातून वीज कुणी देणार नाही हे माहीत होतं. चंपाबाईचा भाऊ ग्यानबा ट्रक चालवायचा. त्यानं ट्रकच्या दोन बॅटऱ्या काढून दिल्या. इंद्रभाननं जाड तारा वापरल्या, सांधे घट्ट केले आणि बटणाजवळ खडूनं एक रेघ मारली. "याच्या वर कोनीच नाई न्यायचं. मीबी नाई."

बुद्धपौर्णिमेला सकाळी आम्हाला बैलगाडीवर चढवलं आणि गाडी सरळ विहिरीपाशी नेली. मागे पुऱ्यातल्या साऱ्या बाया, डोक्यावर रिकाम्या घागरी. गाडी थांबली. चंपाबाईनं माइक हातात घेतला आणि गाणं सुरू केलं. बटण खडूच्या रेघेच्या कितीतरी खाली होतं. घराघरातून माणसं बाहेर आली. बबनरावांच्या घरची रंगूबाई हातातली बादली तशीच धरून कठड्याजवळ ऐकत राहिली.

मग बबनराव स्वतः आले.

"चंपे, बंद कर हे."

"काहून?"

"काहून म्हंजे? तुले माहीत नाई?"

"मले माहीत हाये. गावाले सांगा." चंपाबाई गाडीवरून वाकली आणि तिनं माइक त्यांच्या तोंडापुढे धरला. "घ्या. आमी घागर काहून नाई भराची, ते यात बोला. स्पीकर चांगले हायेत. एकबी शब्द वाया नाई जानार."

बबनरावांनी माइककडे पाहिलं. मग आम्हा दोघांकडे. मग भोवती जमलेल्या गावाकडे. त्यांनी तोंड उघडलं. मित्रांनो, त्या दिवशी त्यांचा श्वास माझ्यातून साऱ्या गावानं ऐकला. आत घेतलेला, बाहेर सोडलेला, पुन्हा आत घेतलेला. पण शब्द आला नाही. जी गोष्ट वर्षानुवर्षं करत आले, ती उघड्यावर, सगळ्यांदेखत, स्वच्छ आवाजात म्हणायची त्यांची छाती झाली नाही.

ते वळले आणि निघून गेले.

चंपाबाई खाली उतरली. तिनं माइक कठड्यावर ठेवला आणि सोबत आणलेली बादली स्वतःच्या हातानं सोडली. रंगूबाई एक पाऊल बाजूला सरली. बादली पाण्यावर आदळली, तो आवाज आम्ही दोघांनी गावभर पोचवला. त्यानंतर एकेक करून साऱ्या घागरी भरल्या. दुसऱ्या दिवशी आम्ही नव्हतो, तरी भरल्या. चार दिवस बबनरावांची माणसं विहिरीजवळ काठ्या टेकून बसली, तरी भरल्याच.

आता माझ्यावर दया दाखवायला कुणी येऊ नका. मला कोपऱ्यात लोटून वर विणलेला रुमाल आणि फुलदाणी ठेवू नका. माझ्या कागदी पडद्याला बोट लावू नका, दोन्हीकडच्या तारा सारख्या जोडा, मशीनमध्ये ताकद राखून ठेवा आणि ती उधळू नका. एवढं केलंत तर मी तुमच्या नातवंडांपुढेही बोलेन. आणि कुणी येऊन 'हे बंद करा' म्हणालं, तर मित्रांनो, बटणाला हात लावण्याआधी त्याच्यापुढे माइक धरा.