गारवाबुवांची तांब्याची पट्टी

मंत्रानं कॉम्प्युटर थंड करून देणाऱ्या गारवाबुवांच्या, समोरच्या दुकानात माणूस मावत नव्हता. टेबलावर गेम खेळायचा मोठा कॉम्प्युटर आणि पडद्याच्या कोपऱ्यात प्रोसेसरचं तापमान, ब्याण्णव अंश. गारवाबुवांनी डोळे मिटले, कॅबिनेटच्या पाठीवर तांब्याची पट्टी चिकटवली, आपला 'मंत्रवलेला' पेन ड्राइव्ह खोचला आणि म्हणाले, "प्रोसेसर म्हणजे काय? रागावलेलं लेकरू! त्याला पंखा नको, माया हवी."

आकडा घसरला. ऐंशी. सत्तर. बासष्ट! पंख्यांची घरघरही थांबली. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

रस्त्याच्या अलीकडे मी माझ्या रिकाम्या दुरुस्तीच्या दुकानात बसून हे बघत होतो. सरळच सांगतो, माझा जळफळाट होत होता. अठरा वर्षं मी कॉम्प्युटर उघडतोय, पण टाळी सोडा, कुणी 'वा' म्हटलेलं आठवत नाही. त्यात तो कॉम्प्युटर माझ्या सख्ख्या भाचीचा, मीच जोडून दिलेला. ती माझ्या दारावरून तो घेऊन गेली, हे मला फार लागलं.

दुसऱ्या दिवशी तापमापी घेऊन मी ताईच्या घरी धडकलो. बुवा खोटा आकडा दाखवतोय, अशी माझी खात्री होती. गेम चालू असताना मागच्या हवेत तापमापी धरली, तर हवा खरंच जेमतेम कोमट! माझं तोंड एवढंसं झालं.

"बघ, तुझंच यंत्र सांगतंय," ताई म्हणाली. "उगाच त्यांच्या नावानं बोटं मोडू नकोस."

भाचीनं मात्र हातातला माऊस बाजूला सारला. रविवारी तिच्या कॉलेजच्या गेमिंग संघाची निवड होती आणि त्यासाठी ती तीन वर्षं झटत होती.

"मामा, मी नाव मागे घेतेय," ती म्हणाली. "कालपासून माझे हातच चालत नाहीत. गेममध्ये समोरचा दिसेपर्यंत मी मेलेली असते. बुवा म्हणतात, तुझं मन डळमळीत आहे, दुसरी पट्टी लाव."

हे ऐकून माझा मत्सर गेला असं नाही, पण त्याच्या जोडीला काळजी आली.

"पट्टी काढून बघ," मी म्हणालो.

"तू जळतोस त्यांच्यावर. सगळ्यांना दिसतंय."

"जळतो! म्हणून तर मी हात लावत नाही. तूच काढ, तूच बघ."

तिनं चिडूनच पट्टी उपटून टेबलावर ठेवली आणि गेम चालू केला. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली. आकडा बासष्टच.

"पट्टी इथे, मग थंडावा आत कसा?" ती पुटपुटली. "मामा, पेन ड्राइव्ह! त्यानं काहीतरी बदललं असणार."

वीजवापराच्या सेटिंगमध्ये तिला ते सापडलं. प्रोसेसरनं जास्तीत जास्त किती जोर लावायचा, तो आकडा शंभरावरून पन्नासवर आणलेला होता. धावणाऱ्याला खुर्चीत बसवलं की घाम येणारच नाही! सगळे तापमान बघत राहिले, वेग कुणी बघितलाच नाही. तिचे हात ठीक होते, कॉम्प्युटरच अर्ध्या ताकदीनं चालत होता.

तिनं शंभर केले. गेम सुसाट पळाला आणि तापमान पुन्हा ब्याण्णव. मग मी झाकण उघडलं. पंख्यावर आणि त्याखालच्या, उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पात्यांमध्ये धुळीचा जाड थर बसला होता.

"सहा महिन्यांपूर्वी मी विचारलं होतं, साफ करायचा का?" ती म्हणाली. "तू म्हणालास, चालेल अजून."

खरं होतं. मला कंटाळा आला होता. बुवाला गिऱ्हाईक मी मिळवून दिलं होतं.

मी धूळ काढली, प्रोसेसरवरची, उष्णता वाहून नेणारी पण आता सुकलेली पेस्ट पुसून नवी लावली. पूर्ण वेगात आकडा चौऱ्याहत्तरवर थांबला.

"झालं!" मी छाती फुगवून म्हणालो.

"थांब," भाची म्हणाली. तिनं तांब्याची पट्टी परत चिकटवली. चौऱ्याहत्तर. काढली. चौऱ्याहत्तर. मग माझ्या हातातली तापमापी घेऊन मागची हवा स्वतः मोजली, गेमचा वेग वहीत टिपला आणि अर्ध्या तासानं पुन्हा मोजणार म्हणाली.

सख्ख्या मामावरही तिचा विश्वास नव्हता. क्षणभर मला राग आला, पण मी खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसलो. चमत्कार दाखवणारा गोड बोलतो आणि उघडा पाडणारा जळका असू शकतो, म्हणून दोघांच्याही तोंडाकडे बघू नका. पट्टी काढा, लावा, मोजा. त्याचं मोजा आणि माझंही मोजा.